दोघांत मिळून एक विवरणपत्र

सही वर्षाराणीच्या नावाची होती, पण वर्षाराणीनं ती केलेली नव्हती.

तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. लग्नपत्रिकेवर छापतात तशा तिरप्या, वळणदार इंग्रजी अक्षरांत तिचं नाव होतं आणि पुढं गेल्या वर्षीच्या मार्चमधली तारीख. वरच्या ओळीत नवऱ्याची, अंगदची सही, तीही छापील. अंगदच्या नावापुढं व्यवसाय लिहिला होता सॉफ्टवेअर इंजिनिअर, तिच्या नावापुढं गृहिणी. दोघांचा पत्ता एकच, टेक्सासमधल्या एका घराचा. त्या घरात तिनं कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"हा गेल्या सालचा कागद है," आबाराव म्हणाले. "नमुना म्हणून आणला. यंदाबी असंच करायचंय म्हणे. तू फकस्त हां म्हणायचं."

आबाराव तिचे सासरे. ती त्यांना मामा म्हणायची. पिंपळगाव रेणुकाईहून पहिल्या एसटीनं निघून, भोकरदनला गाडी बदलून ते जालन्याला आले होते आणि स्टँडपासून मस्तगडातल्या तिच्या घरापर्यंत एप्रिलच्या उन्हात पायी. लेकानं पाठवलेले कागद भोकरदनच्या नेट कॅफेत छापून घेतले होते आणि घामानं भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत छातीशी धरून आणले होते. महावीर जयंतीची सुट्टी होती, म्हणून ती घरी सापडली.

"मामा, ही सही कुणी केली?"

"म्हंजे? तूच केली असशील की."

तिनं पुढं काही विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आतून तिची आई, आसराबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि व्याह्यांपुढं ठेवून दाराशी टेकून उभी राहिली. आबारावांनी निरोप सांगितला तो असा. अमेरिकेत अंगदचे कर भरून देणारा जुना माणूस धंदा बंद करून गेला. आता एक नवीन बाई आहे. ती फार काटेकोर आहे. बायकोला फोनवर समोरासमोर पाहिल्याशिवाय, पासपोर्ट पाहिल्याशिवाय ती काही भरणार नाही म्हणते. पंधरा तारखेला मुदत संपते. म्हणून रविवारी सकाळी वर्षाराणीनं फोनवर बसायचं, बाई विचारील त्याला हो म्हणायचं. तोवर ते जालन्यातच बहिणीकडं थांबणार होते.

वर्षाराणीला हा कागद नवा नव्हता.

लग्न झालं तेव्हा ती बी.फार्म. होऊन जालन्यातल्या एका औषधाच्या दुकानात काम करत होती. तिकडं गेल्यावर तिला कळलं की अंगदचा व्हिसा नोकरीवर आहे आणि तिचा व्हिसा अंगदवर. दोन्ही तात्पुरते, पण तिचा तात्पुरत्यातला तात्पुरता. तिला तिथं काम करता येत नव्हतं. घराचा करार अंगदच्या नावावर, गाडी अंगदच्या नावावर, फोनसुद्धा त्याच्याच खात्यावरचा दुसरा नंबर. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत अंगद स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसला आणि त्यानं तिला समजावून सांगितलं, की इथं नवरा-बायकोला दोघांत मिळून एकच विवरणपत्र भरता येतं. तसं भरलं की कर कमी बसतो. अट एवढीच की दोघांनी सही करायची आणि दोघांचं जगभरातलं उत्पन्न खरं खरं दाखवायचं. त्यासाठी तिला सरकारचा एक नऊ आकडी नंबर मिळाला. त्या देशात तिच्या एकटीच्या नावानं आलेलं ते पहिलं पाकीट होतं. तिनं ते कितीतरी दिवस फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

व्यवसाय काय लिहायचा, असं त्यानं विचारलं तेव्हा ती फार्मासिस्ट म्हणाली. अंगद हसला. इथं कुठं आहेस तू फार्मासिस्ट, म्हणाला, आणि गृहिणी लिहून मोकळा झाला. तिला ते लागलं, पण खोटं म्हणता येत नव्हतं. तिनं सही केली. दुसऱ्या वर्षीही केली.

मग आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन निघालं. वडील नव्हते, भाऊ नव्हता. दीड महिन्यासाठी म्हणून ती जालन्याला आली. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता, परत जायचं तर मुंबईला जाऊन नवा घ्यावा लागणार होता आणि त्यासाठी अंगदच्या नोकरीचे कागद पाहिजे होते. आधी तारखाच मिळत नव्हत्या. तारखा मिळायला लागल्या तेव्हा अंगदनं कंपनी बदलली. नव्या कंपनीत स्थिरावला तेव्हा त्याचं ग्रीन कार्डचं सुरू झालं, आता काही हलवायला नको म्हणाला. स्वतःलाही परत जाताना अडवतील या धास्तीनं तो इकडं एकदाही आला नाही. रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा सणावारावर. ये म्हणाला नाही, येऊ नको असंही म्हणाला नाही. साडेतीन वर्षं झाली.

दरम्यान ती अंबड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी औषधनिर्माता म्हणून लागली. अकरा महिन्यांचा करार, मध्ये एक दिवस तोडायचा, पुन्हा अकरा महिने. विवरणपत्र आता अंगद एकट्याचं भरत असेल असं तिनं गृहीत धरलं होतं. कारण तिच्याकडं कधी कागदच आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आलेलं असताना अंगदचा फोन आला. सहा महिन्यांनी त्याचा आवाज ऐकत होती ती. हंडा भरून वाहायला लागला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

तिनं सरळ सहीचं विचारलं. अंगद म्हणाला, की तिच्या नावाचा ईमेल त्यानंच काढला होता, सही मागणारा निरोप तिथं यायचा आणि तो बटण दाबायचा. तीन वर्षं. नवरा-बायकोत काय वेगळं असतं, म्हणाला. त्याच्या बोलण्यात मस्ती नव्हती, उलट तो घाबरलेला होता. नव्या बाईला संशय आला तर ती मागचंही उकरील, खोटी सही निघाली तर ग्रीन कार्डवर गदा येईल, दहा वर्षांची रांग वाया जाईल. वर्षाराणीनं एवढंच सांगायचं, की मागच्या सह्या तिच्याच आहेत, तिला इकडं काही उत्पन्न नाही.

"मी नोकरी करते," ती म्हणाली.

"अगं, ते कंत्राटी. त्यानं काय फरक पडतो? रुपयाचे डॉलर केले तर दिसणारसुद्धा नाही."

आणि मग त्यानं ते सांगितलं, जे ऐकायला तिनं साडेतीन वर्षं कान लावले होते. एवढं पार पडू दे, मेमध्ये मी कागद पाठवतो. मुंबईची तारीख काढू. पावसाळ्यात तू इथं असशील.

फोन ठेवून ती वळली तर आसराबाई मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं शेजारणीकडून सोऱ्या मागून आणला आणि चिकाच्या कुरडया घालायला गच्चीवर चढली. लेकीबरोबर द्यायच्या म्हणून. "त्यो बोलावून राह्यला तुला," ती म्हणाली. "एका शब्दाचा तर सवाल है. माझ्याकडं बघून हां म्हण. माझं काय, आज है उद्या न्हाई."

आरोग्य केंद्रात शनिवारी गर्दी होती. उन्हाची झळ लागलेले, जुलाबाचे, कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना हाताला जखमा झालेले. वर्षाराणी खिडकीतून गोळ्या देत होती आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या पुडीवर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र काढून देत होती. दुपारी रांग सरली तेव्हा मैमूना सिस्टर डबा घेऊन तिच्या खोलीत आली. वयानं दहा वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ. वर्षाराणीनं तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं मैमूना अंगदला शिव्या देईल.

मैमूना तसं काही बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडत तिनं विचारलं, की इथं तुझं काय अडकलंय. अकरा महिन्यांच्या नोकरीत काय जीव लावतेस. "व्हिसा मिलता तो ले ले, और चली जा," ती म्हणाली. "उधर जाके झगड ले उससे. इधर बैठ के सच्ची रही तो कौन तमगा देने वाला है?"

त्यात खोटं काही नव्हतं. परतताना बसमध्ये वर्षाराणीनं विचार केला आणि ठरवलं, हो म्हणायचं. तिला अंगदचा राग होता, पण त्याचं वाटोळं व्हावं असं तिला वाटत नव्हतं. आईच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. आपण चौतिशीच्या आहोत, आणखी साडेतीन वर्षं अशी गेली तर अडतिशीच्या होऊ. एक शब्द बोलायचा, मग सगळं हळूहळू सुरळीत होईल. घरी येऊन तिनं पासपोर्ट काढून ठेवला आणि रविवारी नेसायची साडीसुद्धा.

रविवारी साडेसातलाच आबाराव हजर झाले. आठ वाजता फोन लागला. वर्षाराणीनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात अंगद, कपाळ मोठं झालेलं, दाढी राखलेली. दुसऱ्यात डोक्यावरून ओढणी घेतलेली पन्नाशीची बाई. आबाराव कॉटवर, फोनच्या नजरेआड, मांडीवर हात ठेवून बसले होते. आसराबाई दारात.

बाईचं नाव अंबरीन. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, वर्षाराणी अडखळते आहे असं वाटून मग आपल्या बोलीवर आली. ती मूळची हैदराबादची निघाली. जालना कुठं आहे हे तिला सांगावं लागलं नाही, तिची एक मावशी परभणीला दिली होती. पासपोर्ट पाहिला, जन्मतारीख विचारली, तो नऊ आकडी नंबर विचारला. वर्षाराणीनं तो तोंडपाठ सांगितला. अंगदच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

"अब ये बताओ," अंबरीन कागदाकडं बघत म्हणाली, "पिछले पूरे साल में, दुनिया में कहीं से भी, आपकी कुछ कमाई है क्या?"

वर्षाराणीनं तोंड उघडलं. नाही हा शब्द तिनं कालपासून जिभेवर तयार ठेवला होता. पण ती बोलायच्या आत अंगद बोलला. इंग्रजीत, घाईघाईनं, सवयीनं. तिला काही उत्पन्न नाही, ती घरीच असते, लिहून टाका.

अंबरीननं चष्म्यावरून त्याच्या चौकोनाकडं पाहिलं. "आपसे नै पूछी मैं," ती म्हणाली. "उनसे पूछी."

वर्षाराणीला पुढं कितीदा आठवलं, की त्या क्षणी तिच्या मनात अंगद नव्हता, व्हिसा नव्हता. तिच्या मनात सकाळची पावणेसातची अंबड गाडी होती. बारा महिने ती गाडी तिनं पकडली होती. पाय सुजलेले असताना, पाळी आलेली असताना, आंदोलनात रस्ते बंद झाले तेव्हा मधल्या फाट्यावर उतरून पाच किलोमीटर चालत. घरीच असते, असं तो म्हणाला होता. त्याला खोटं बोलतोय असंसुद्धा वाटलं नव्हतं.

"है," ती म्हणाली. "कमाई है. मैं फार्मासिस्ट हूँ. सरकारी दवाखाने में. तीन साल होते आए."

अंगदनं तिचं नाव घेतलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं पगाराचा आकडा सांगितला, न विचारता, रुपयांत. अंबरीननं तो लिहून घेतला. अंगद मध्येच म्हणाला की एवढ्याशा रकमेनं करात एका डॉलरचाही फरक पडणार नाही. अंबरीन म्हणाली, पडणार नाही हे मलाही माहीत आहे, पण कमाई किती आहे ते कागद नंतर विचारतो, आधी आहे का ते विचारतो.

मग तिनं विचारलं, की गेल्या वर्षी दोघं किती दिवस एकत्र राहिलात.

"एक भी नहीं," वर्षाराणी म्हणाली. "साडेतीन साल से एक भी दिन नहीं."

अंबरीननं पेन खाली ठेवलं. तिनं तिच्याजवळचा एक कागद उचलून पडद्यासमोर धरला. तोच. तिरपी, वळणदार अक्षरं. "तो ये क्या है, बहन?" तिनं हळू आवाजात विचारलं. "ये दस्तखत आपकी है?"

कॉटवरून आबारावांनी खाकरल्यासारखं केलं. आसराबाईनं पदर तोंडाला लावला. वर्षाराणीनं अंगदकडं पाहिलं, आता पहिल्यांदाच नीट. तो मान हलवत नव्हता, खुणावत नव्हता. नुसता बघत होता, आणि त्या बघण्यात खात्री होती. ती हो म्हणेल याची त्याला अजूनही खात्री होती.

"नाम मेरा है," ती म्हणाली. "दस्तखत मेरी नहीं."

अंगदचा चौकोन काळा झाला. त्यानं कॅमेरा बंद केला होता. अंबरीन थोडा वेळ त्या काळ्या चौकोनाशी इंग्रजीत बोलली. दोघांत मिळून भरायचं विवरणपत्र आता ती करणार नाही. त्याला एकट्याचं, विवाहित पण वेगळं असं भरावं लागेल. मागची तीन वर्षंही दुरुस्त करावी लागतील आणि ते त्यानं आपण होऊन केलं तर बरं, कुणी विचारण्याआधी. वकिलाला विचारून घ्या, म्हणाली. शेवटी वर्षाराणीला म्हणाली, की मी तुमच्या नवऱ्याचं काम करते, तुमचं नाही, म्हणून तुम्हाला सल्ला देता येत नाही. फक्त एक सांगते, आज जे बोललात ते कुठंतरी लिहून ठेवा, तारीख घालून. मग तीही गेली.

पडद्यावर वर्षाराणीचा एकटीचा चेहरा उरला. तिनं फोन उचलून पालथा घातला.

आबारावांनी विचारलं, "तीन वरसं त्यानंच केली सही?"

"हां."

"मी त्यो कागद पारावर दाखवून राह्यल्तो लोकायला," ते म्हणाले. "सून अमेरिकेच्या कागदावर है म्हणून." आणि मग त्यांचा आवाज चढला. लेकानं चूक केली असंल. बायकोच्या नावानं सही केली, दरोडा तर न्हाई घातला. झाकायची सोडून तिनं ती परक्या बाईसमोर उघडी केली. आपल्या हातानं आपलं घर मोडलं. ते उठले, टोपी घातली, आसराबाईनं जेवून जा म्हटलं त्याला हात हलवून नको म्हणाले. उंबऱ्यात थांबून ते वळले.

"उद्या माझं पोरगं रिकाम्या हातानं परत आलं," ते म्हणाले, "तर तुझ्याच दारात आणून बसवीन. ध्यानात ठेव."

"आणा, मामा," वर्षाराणी म्हणाली. "भाकर घालीन. सही न्हाई देणार."

ते गेल्यावर आसराबाई रडली. लेकीला बोलली पण, जितकं आईला बोलता येतं तितकं. वर्षाराणीनं ऐकून घेतलं. मग ती अंबरीननं सांगितल्याप्रमाणे वहीत सगळं लिहून काढायला बसली. इंग्रजीत लिहिताना दोनदा शब्द अडला तेव्हा ती जागा तिनं मराठीत लिहिली.

अंगदचा फोन मंगळवारी आला. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, हे कशासाठी केलंस. मेमध्ये कागद पाठवणार होतो. खरंच पाठवणार होतो.

"पाठवले असते कदाचित," ती म्हणाली. "मी आले असते. आणि पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही पुन्हा माझ्या नावापुढं काय लिहायचं ते मला न विचारता लिहिलं असतं."

"त्या एवढ्याशा पगारासाठी?"

"एवढासा असू द्या. शून्य न्हाई तो."

"पण फरक काय पडला असता, वर्षा? मला नीट सांग. फरक काय पडला असता?"

ती त्याला समजावून सांगणार होती. पावणेसातची गाडी, रांग, संध्याकाळी नोंदवहीत एकेका पाकिटापुढं करायची सही. वाक्यं तयार होती. पण ती सांगायला लागली तर ते पटवून देणं झालं असतं, आणि पटवून द्यायचं तिला आता काही उरलं नव्हतं. तिनं त्याला तब्येतीचं विचारलं, मागची तीन वर्षं दुरुस्त झाली की त्याच्या नकला मला पाठवा म्हणाली आणि फोन ठेवला. नाही पाठवल्या तर मी स्वतः तिकडच्या आयकर खात्याला लिहीन, हेही सांगितलं.

मे गेला. कागद आले नाहीत, आणि तिनं वाटही पाहिली नाही. जूनच्या मध्यावर एका सकाळी ईमेलवर नकला आल्या, तिन्ही वर्षांच्या. अंगदच्या एकट्याच्या नावाच्या. दंड आणि व्याज भरल्याची पावती सोबत होती. नोकरी शाबूत होती. ग्रीन कार्डच्या रांगेत तो होता तिथंच होता. त्याच्यावर आभाळ कोसळलं नाही, आणि तिला त्याचं बरं वाटलं. ईमेलमध्ये मजकूर एका ओळीचा होता: झालं तुझ्या मनासारखं. महिन्याभरानं वकिलाकडून घटस्फोटाचा मसुदा आला, परस्परसंमतीचा. तिनं तो तीनदा वाचला. दोन ठिकाणी चुका होत्या. तिची तिकडं राहिल्याची वर्षं चुकीची होती आणि व्यवसाय लिहिलेला नव्हता. तिनं लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवला. नीट करून पाठवा, मग बघू, असं खाली लिहिलं.

आरोग्य केंद्रात मैमूनानं तिला विचारलं नाही की पस्तावलीस का. एकदा फक्त पाणी पिता पिता म्हणाली, "मैं होती तो चली जाती." आणि मग म्हणाली, "अच्छा हुआ मैं नहीं थी." आसराबाईनं कुरडया तळायला काढल्या. दोघी खायला, डबा भरलेला, किती दिवस ठेवणार. आबारावांचा फोन आला नाही. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पिंपळगावचा एक माणूस अंबडला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून केंद्रावर आला आणि म्हणाला, आबारावांनी विचारलंय, त्यांची बीपीची गोळी तालुक्याला मिळेना, तुमच्याकडं असंल तर. वर्षाराणीनं केसपेपर काढायला लावला, आबारावांचं पूर्ण नाव आणि वय सांगितलं, डॉक्टरांची सही आणायला पाठवलं आणि महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या. निरोप काही दिला नाही. त्यानंही मागितला नाही.

त्याच महिन्यात एका शनिवारी ती अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून काकासाहेबांच्या दुकानात गेली. मस्तगडातच, कापडवाल्यांच्या वरच्या मजल्यावर, काकासाहेब लोकांचे आयकराचे आणि जीएसटीचे अर्ज भरून द्यायचे. व्यापारी मंडळी खुर्च्या अडवून बसली होती. तिचा नंबर आला तेव्हा काकासाहेबांनी तिची पगारपत्रकं चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, तुमाला भरायची गरजच न्हाई. मर्यादेच्या खाली है."

"माहीत है. भरा."

"कर्ज काढायचंय का? बँकेनं मागितलं?"

"न्हाई."

काकासाहेबांनी खांदे उडवले आणि भरायला घेतलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरी कुठं, पगार किती. ती सांगत गेली, ते टाकत गेले. मागं कुणीतरी घड्याळाकडं बघून चुकचुकलं. बोलता बोलता, सहज म्हणून, त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"अर्जात विचारलंय का?"

त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला. "न्हाई."

"मंग ऱ्हाऊ द्या."

शेवटी भरायचा कर आला शून्य. काकासाहेबांनी एक बटण दाबलं आणि तिच्या मोबाईलवर सहीऐवजी टाकायचा सहा आकड्यांचा ओटीपी येऊन पडला. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. गिऱ्हाईक मोबाईल देतं, ते आकडे टाकतात, असंच चालायचं तिथं.

वर्षाराणीनं मोबाईल दिला नाही. तिनं कीबोर्ड आपल्याकडं ओढून घेतला. काकासाहेबांनी खुर्ची जरा मागं सरकवून तिला जागा करून दिली. ती उभ्यानंच, मोबाईलकडं बघत, सहाही आकडे टाकत गेली. एकेक, सावकाश.